आडवी होणारी काच : जीपच्या एका चौकटीचा इतिहास

#धागा #इतिहास

१/
जुन्या जीपसमोर उभे राहिले की नजर प्रथम जाते ती तिच्या जाळीकडे आणि गोल दिव्यांकडे. परंतु हे वाहन कशासाठी जन्माला आले, हे सर्वांत स्पष्टपणे सांगणारा भाग त्यांच्या थोडा वर असतो. तो म्हणजे पुढच्या काचेची पोलादी चौकट. ती बिजागरीवर पुढे झुकते आणि बॉनेटवर आडवी निजते. ही चौकट गंजली की बदलावी लागते, आणि बदलताना जो प्रश्न उभा राहतो तो वरवर गॅरेजचा वाटला तरी मुळात इतिहासाचा आहे.

२/
प्रश्न असा : ऐंशी वर्षांपूर्वीच्या वाहनाची मूळ चौकट काढून नवी बसवली, तर ते वाहन 'मूळ' राहते का? गडाच्या ढासळलेल्या पायऱ्यांवर सिमेंट ओतल्याचे पाहून हळहळणाऱ्या इतिहासप्रेमींना हा प्रश्न अपरिचित नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी ही काच झुकती का केली गेली, हे पाहावे लागते.

३/
जून १९४०. फ्रान्स कोसळत होता आणि अमेरिकी लष्कराला मोटरसायकल व घोडा या दोहोंची जागा घेणारे लहान, हलके, चारही चाकांना शक्ती देणारे टेहळणी वाहन तातडीने हवे होते. जुलैमध्ये १३५ कंपन्यांकडे मागणी गेली. तीन सैनिकांची सोय, पाव टन वर्गातील भारक्षमता आणि अवघे १,३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो वजन, अशा तिच्या अटी होत्या. त्याच यादीत आणखी एक अट होती : पुढची काच आडवी पाडता आली पाहिजे.

४/
प्रतिसाद दिला तो दोनच कंपन्यांनी : पेनसिल्व्हेनियातील बटलर गावची अमेरिकन बँटम आणि ओहायोतील टोलीडोची विलीज-ओव्हरलँड. बँटमसाठी अभियंता कार्ल प्रॉब्स्ट याने काही दिवसांत आराखडे पूर्ण केले. ४९ दिवसांची मुदत पाळून २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिले वाहन बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड तळावर पोहोचले. वजनाची अट पुढे शिथिल करावी लागली. विलीजची अंतिम एमबी जीप हजार किलोंच्या वर गेली. झुकत्या काचेची अट मात्र कायम राहिली.

५/
या अटीमागचे पहिले कारण उंची. टप चढवलेली आणि काच उभी असलेली एमबी जीप सुमारे ७० इंच उंच भरते. टप उतरवून काच आडवी केली की तीच उंची ५२ इंचांवर येते. दीड फुटाचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. झुडपाआड, बांधाआड किंवा टेकडीच्या कडेला दडलेल्या टेहळणी पथकासाठी मात्र तो दिसण्या-न दिसण्यातला फरक होता.

६/
दुसरे कारण प्रकाश. सपाट काचेवर पडलेली सूर्याची तिरीप फार दूरवरून दिसते. म्हणून नुसती काच पाडून भागत नसे. आडव्या चौकटीवर कॅनव्हासचे आवरणही चढवले जाई. तिसरे कारण शस्त्र. समोर काच नसली की पुढच्या आसनावरील सैनिकाला सरळ पुढे गोळीबार करता येई.

७/
चौथे कारण वाहतूक, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तेच सर्वांत कमी दिसते. जहाजातून जाणाऱ्या अनेक जीपा लाकडी खोक्यांत बंद करून पाठवल्या जात. अशा खोक्यात काच उभी ठेवणे म्हणजे मोकळी हवा समुद्रापार नेणे. ग्लायडरच्या पोटात जीप चढवतानाही हाच हिशेब होता. ब्रिटिश हवाई दलांच्या जीपांचे तर बंपरही कापले गेले, म्हणजे हॉर्सा ग्लायडरमध्ये त्या नीट मावाव्यात.

८/
उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या विशेष हवाई सेवेने, म्हणजे एसएएसने, याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांनी काच चौकटीसह काढूनच टाकली आणि त्या जागी विकर्स के यंत्रबंदुका चढवल्या. जुलै १९४२ मध्ये डेव्हिड स्टर्लिंगच्या नेतृत्वाखाली सिदी हनैश येथील जर्मन विमानतळावर पडलेला छापा अशाच काचविरहित जीपांनी घातला होता.

९/
सोयीची किंमतही होती. काच आडवी असली की चालकाच्या चेहऱ्यापुढे काहीच उरत नसे. युरोपात रस्त्यावर मानेच्या उंचीला ताणलेल्या तारा हे त्यामुळे जीवघेणे संकट ठरले. त्यावर उपाय म्हणून अनेक जीपांच्या पुढच्या बंपरवर लोखंडी अँगलचा उभा खांब वेल्ड केला गेला. त्याच्या वरच्या टोकाशी असलेल्या खाचेत तार अडकून तुटे. युद्धकालीन छायाचित्रांत दिसणारा तो विचित्र खांब म्हणजे या झुकत्या काचेचीच सावली आहे.

१०/
आता प्रत्यक्ष चौकट. एमबी जीपची काच एकसंध नाही. मधल्या पट्टीने विभागलेल्या दोन काचा आहेत. त्या आतल्या चौकटीत बसतात. ही आतली चौकट खालून बाहेर ढकलता येते, म्हणजे काच उभी असतानाही वारा आत येतो. बाहेरची चौकट खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बिजागऱ्यांवर फिरते आणि आतल्या बाजूच्या दोन पकडींनी घट्ट बसते. वायपर वरच्या पट्टीवर असतात आणि ते हाताने फिरवायचे असतात. बॉनेटवरचे दोन लाकडी ठोकळे म्हणजे आडव्या चौकटीची उशी.

११/
मागणी एवढी वाढली की विलीजच्या जोडीला फोर्डनेही हीच जीप 'जीपीडब्ल्यू' या नावाने बनवली. दोन्ही कंपन्यांनी मिळून युद्धकाळात ६ लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. फोर्ड आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, 'एफ' हे अक्षर उमटवत असे. परंतु भाग एकमेकांना चपखल बसणारे होते, आणि रणभूमीवरच्या दुरुस्तीपथकाला अक्षर पाहायला सवड नव्हती. विलीजच्या जीपवर फोर्डची चौकट, फोर्डवर विलीजचे बॉनेट असे मिश्रण युद्ध चालू असतानाच घडले.

१२/
ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जीपमध्ये 'भाग बदलणे' ही नंतरची तडजोड नव्हती; ते तिच्या रचनेचे तत्त्वच होते. मोडलेला भाग काढावा, दुसऱ्या जीपचा बसवावा आणि पुढे निघावे, या गृहीतकावरच ती उभी केली गेली. त्यामुळे 'शंभर टक्के मूळ भागांची जीप' ही कल्पना पुष्कळदा युद्धाच्या नव्हे, संग्राहकांच्या काळातील आहे.

१३/
युद्ध संपता संपता, जुलै १९४५ मध्ये, विलीजने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही नागरी जीप आणली. शत्रू राहिला नव्हता, तरी झुकती काच राहिली. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्सने जीपच्याच चासीवर पहिला नमुना उभा केला आणि एप्रिल १९४८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. तिचीही काच बॉनेटवर आडवी होत असे. युद्धाची एक गरज आता या वाहनजातीची ओळख बनली होती.

१४/
भारतातील कथा मुंबईत येऊन मिळते. युद्धकाळात अमेरिकेतील भारतीय पुरवठा मंडळाचे काम पाहणारे कैलासचंद्र महिंद्र यांनी बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. त्याच सुमारास विलीजच्या जीपांचे सुटे संच जहाजाने येऊ लागले आणि माझगावात त्यांची जुळणी सुरू झाली.

१५/
पुढे भारतात सर्वाधिक रुजली ती सीजे-३बी. अमेरिकेत १९५३ मध्ये आलेल्या या प्रतिरूपात नवे 'हरिकेन' इंजिन होते. ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच असल्याने बॉनेट वर उचलावे लागले आणि काचेची उंची कमी झाली. आपल्याकडचे जीपवेडे आजही 'लो बॉनेट' आणि 'हाय बॉनेट' असा जो भेद करतात, त्याचे मूळ येथे आहे. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये थांबली; भारतात तिची वंशावळ त्यानंतर कित्येक दशके चालू राहिली.

१६/
चौकट बदलताना हा भेद निर्णायक ठरतो. एमबीची उंच, दुभंगलेल्या काचेची चौकट हाय बॉनेट जीपवर चढवली तर ती एखाद्या बुटक्या दारावर लांब पडदा टांगावा तशी दिसते. तरीही 'युद्धातली जीप' दिसावी म्हणून असे उद्योग होतात. परिणामी एका महायुद्धकालीन जीपची वाईट नक्कल तयार होते आणि एक अस्सल भारतीय जीप नाहीशी होते. यात नुकसान कोणाचे, हे वेगळे सांगायला नको.

१७/
कारण हाय बॉनेट जीपचा इतिहास काही कमी मोलाचा नाही. स्वातंत्र्योत्तर काळात जिल्ह्याचा अधिकारी, वनखाते, पोलीस, निवडणुकीचा प्रचार आणि दुष्काळी भागातील पाहणी या सर्वांचे वाहन जीपच होते. नव्या राज्यव्यवस्थेचे खेड्यात उमटलेले पहिले चाक पुष्कळदा जीपचे होते. त्या जीपेला नॉर्मंडीचा मुखवटा चढवणे म्हणजे तिचे स्वतःचे चरित्र पुसणे होय.

१८/
लष्करातही आडव्या काचेचे काम संपले नव्हते. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ जीपवर चढवली की तिची लांब नळी पुढे येते. मग काच पाडावी लागते किंवा मधोमध फट असलेली चौकट लागते. अमेरिकेच्या एम-३८ए१सी जीपची चौकट याच कारणाने दुभंगलेली होती. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात, चीमा गावाजवळ, ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे टिपले आणि १० सप्टेंबरला वीरमरण पत्करले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

१९/
अशी ही चौकट मरते कशी? बहुधा खालून. चौकट आणि पुढच्या पत्र्याच्या कडेमधील रबरी पट्टी वर्षानुवर्षांच्या उन्हात कडक होते, तडकते आणि पाणी अडवण्याऐवजी साठवू लागते. वरच्या स्क्रूच्या भोकांतून शिरलेले पाणी पोकळ नळीतून खाली उतरते आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो. कोकणच्या हवेत हे आणखी लवकर घडते.

२०/
बदलण्याआधीचे पहिले काम पाना उचलण्याचे नसून मोजपट्टी उचलण्याचे असते. पुढच्या पत्र्याची कड सरळ आहे का? दोन्ही बिजागऱ्या एका रेषेत आहेत का? चौकटीचे दोन्ही कर्ण समान भरतात का? जीपची फरशी सडून सांगाडा पिळला गेला असेल, तर दोष चौकटीचा नसतोच. अशा सांगाड्यावर नवी चौकट जोर लावून बसवली की तिच्यावर ताण येतो आणि पहिल्याच खड्ड्यात काच तडकते.

२१/
मग उतरवणे. आधी टप काढायचा, कारण तो चौकटीच्या वरच्या कडेला जोडलेला असतो. नंतर काचा काढून सुरक्षित ठेवायच्या. बिजागरीचे बोल्ट दशकानुदशके न हललेले असतात. त्यांना गंज सैल करणारे तेल पाजून रात्रभर थांबणे हाच शहाणपणा. घाईने पिळलेला बोल्ट तुटतो आणि जुना पत्राही फाडतो. अनेक जीपांत कायमचे छप्पर बसवताना ही चौकट जागेवरच वेल्ड केलेली आढळते. तेथे कापणी करताना मूळ कड कोणती आणि नंतरचे वेल्डिंग कोणते, हे ओळखावे लागते.

२२/
नवी चौकट बसवताना सर्व बोल्ट आधी सैल ठेवायचे, चौकट मध्यावर आणायची आणि मगच आळीपाळीने आवळायची. रंग देण्यापूर्वी ती एकदा पूर्ण आडवी करून पाहायची : बॉनेटवरच्या ठोकळ्यांवर ती सारखी टेकते का, वायपर पत्र्याला घासतो का? त्यानंतर रंग, नवी रबरी पट्टी आणि सर्वांत शेवटी काच. काच लॅमिनेटेडच हवी. तिच्या दोन थरांमधील पारदर्शक पापुद्रा फुटलेले तुकडे धरून ठेवतो.

२३/
नवी चौकट येते कोठून? युद्धानंतर मागे राहिलेल्या जीपांतून 'जीपनी' घडवणाऱ्या फिलिपिन्समध्ये आज जुन्या जीपांचे हुबेहूब सांगाडे बनतात. भारतात पंजाब-हरियाणा सीमेवरची मंडी डबवाली जीपबांधणीसाठी प्रसिद्ध आहे. पर्याय आहेत, परंतु उपलब्ध आहे म्हणून बदलणे आणि आवश्यक आहे म्हणून बदलणे यांत अंतर आहे. खालची पट्टीच सडली असेल, तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडणे शक्य असते आणि तसे केल्याने उरलेली मूळ चौकट वाचते.

२४/
ती वाचवायची का? कारण ती दस्तऐवज आहे. रंगाच्या कडेला बारीक कागदाने घासले की थर उलगडतात : खाली लष्कराचा ऑलिव्ह हिरवा, त्यावर एखाद्या खात्याचा रंग, त्यावर मालकाच्या हौशीचा. नंतर पाडलेली भोके विजेच्या वायपरची किंवा आरशाची गोष्ट सांगतात. एखाद्या बोल्टवर 'एफ' सापडतो. मोडी कागदाच्या समासातील शेरा जसा मजकुराइतकाच बोलका असतो, तसे हे ओरखडे. चौकट भंगारात गेली की हा समास फाडला जातो.

२५/
वारसाजतनाच्या शास्त्राने यावर विचार केलेला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंबाबत सांगितले की नव्याने घातलेला भाग जुन्याशी सुसंगत असावा, पण जुना म्हणून खपू नये. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिने त्याच धर्तीवर ट्युरिन सनद केली. काम कमीत कमी करावे, केलेल्या कामाची नोंद ठेवावी आणि बदललेला भाग ओळखता यावा, हे तिचे सार आहे. पुराभिलेखागारात कीड लागलेल्या कागदाला पातळ कागदाचे अस्तर लावतात, तेही याच प्रामाणिकपणाने.

२६/
भारतात हा प्रश्न कायद्याशीही जोडला गेला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. अशा वाहनाच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. म्हणजे मूळ नमुन्याबरहुकूम चौकट आणि सोयीसाठी बदललेला सांगाडा यांतील फरक आता केवळ रसिकांच्या वादाचा विषय राहिलेला नाही.

२७/
तर उत्तर काय? नवी चौकट बसवल्याने जीप खोटी ठरत नाही; भाग बदलत जगणे हाच तिचा मूळ स्वभाव आहे. खोटी ठरते ती नोंद न ठेवता केलेली दुरुस्ती. उतरवण्यापूर्वीची छायाचित्रे, मोजमापे, रंगाच्या थरांची टिपणे, नव्या चौकटीच्या आतल्या, सहसा न दिसणाऱ्या कडेवर कोरलेले वर्ष आणि जपून ठेवलेला जुन्या चौकटीचा एखादा तुकडा एवढे असले, तर पुढच्या अभ्यासकाची फसवणूक होत नाही.

२८/
१९४० मध्ये एका यादीत लिहिलेली ती एक अट, काच आडवी व्हावी, वाळवंट, जहाजे, माझगावचे जुळणीघर आणि खेमकरणची शेते ओलांडून आजच्या एखाद्या गॅरेजच्या फरशीवर गंजलेल्या लोखंडाच्या रूपात पडलेली असते. ते लोखंड उचलून भंगाराच्या ढिगाकडे नेण्यापूर्वी दहा मिनिटे थांबून ते वाचावे. वाचून झाले की मग खुशाल नवी चौकट चढवावी.

(समाप्त)